बँडमधली अबोल मुलगी: आधी जोडी जमू द्या

साताऱ्याकडच्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी आठवीत आहे. सहावीपासून शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. घरी दार लावून तासभर वाजवते, छान वाजवते. तालमीत मात्र ओळीच्या टोकाला उभी राहते, कोणाशी चकार शब्द बोलत नाही. मधल्या सुट्टीत डबाही एकटीच खाते. मागच्या आठवड्यात पंधरा ऑगस्टच्या तालमीत तिचं क्लॅरिनेट जोरात चिरकलं आणि पुढच्या ओळीतल्या दोघी-तिघी हसल्या. तेव्हापासून बँड सोडते म्हणतेय. चार मैत्रिणी मिळाव्यात म्हणूनच आम्ही तिला बँडमध्ये घातलं होतं. सोडू द्यावं का? सरांच्या कानावर घातलं तर ती आणखी अवघडून जाईल का?"

ताई, पंधरा ऑगस्टपर्यंत तरी तिला सोडू देऊ नका. हसू ऐकून बाहेर पडलेलं मूल पुढे वाद्याच्या पेटीलाही हात लावत नाही, हे मी पाहिलं आहे. पण तिला थांबवताना "तिथे मैत्रिणी मिळतील" हे कारण मात्र सांगू नका. मैत्री हे तिचं कर्तव्य झालं, की प्रत्येक तालमीनंतर तिला वाटणार, आजही आपण नापास झालो.

मी शाळांचे बँड बसवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि त्यांत तुमच्या लेकीसारखी एक-दोन असतातच. त्यांना पाहून माझं एक ठाम मत झालं आहे. अबोल मुलाची बँडमधली मैत्री कामातून सुरू होते, आणि ते काम एकट्याने होऊच शकत नाही असं असावं लागतं. बोलणं मागाहून येतं. बँडमध्ये अशी कामं भरपूर असतात. ती तिच्या वाट्याला येतील एवढं आपण मोठ्यांनी बघायचं.

त्याआधी ते चिरकणं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. तुमचं लक्ष हसणाऱ्या मुलींकडे गेलं, ते साहजिक आहे. पण तुमच्या लेकीच्या मनात या घडीला एकच भीती असणार: पुन्हा चिरकलं तर? ही भीती समजूत घालून जात नाही. वाद्य का चिरकतं हे कळलं आणि ते हातात आलं, की जाते.

क्लॅरिनेट चिरकण्याची कारणं मोजकी आहेत. सगळ्यात आधी रीड बघा. फुंकल्यावर थरथरून सूर काढणाऱ्या त्या पातळ पट्टीचं टोक केसाएवढं जरी फुटलेलं असलं, तरी सूर कधी दगा देईल सांगता येत नाही. रीड उजेडासमोर धरा, टोकाला चीर किंवा टवका दिसतो का पाहा. दिसला तर ते फेकून द्या, त्यावर पैसे वाचवू नका. रीड कोरडं असेल, किंवा माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या तुकड्यावर, किंचित तिरकं बसलं असेल, तरी तेच होतं. वाजवण्याआधी मिनिटभर ते तोंडात ओलं करायला सांगा. एकच रीड महिनोन्‌महिने घासण्यापेक्षा तीन-चार रीडं आलटून-पालटून वापरावीत. या वयाला साधारण दोन किंवा अडीच नंबरचं रीड बरं पडतं; नंबर जितका मोठा तितकं रीड कडक. दुकानदाराने "मोठ्या नंबरचं चांगलं असतं" म्हणून तीन नंबरचं दिलं असेल, तर मुलं दम लावून लावून दातांनी चावायला लागतात, आणि चावलं की वाद्य किंचाळतं.

मग बोटं. क्लॅरिनेटची भोकं बोटाच्या पेराने पुरती झाकावी लागतात; उजव्या हाताच्या अनामिकेखालचं भोक लहान हाताला हमखास उघडं राहतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उजव्या तर्जनीचं मूळ बाजूच्या लांब चाव्यांना नकळत टेकतं, चावी जराशी उघडते आणि सूर फाटतो. तालमीत हे जास्त होतं, कारण घाबरलेलं मूल वाद्य घट्ट आवळून धरतं. घरी चिरकत नाही आणि शाळेत चिरकतं, असं तिच्याबाबतीत होत असेल तर आधी हेच तपासा. त्यात ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. चाव्यांखालचे पॅड दमट हवेने फुगतात, नीट बसत नाहीत, हवा गळते. तेव्हा दोष वाद्याचाही असू शकतो आणि तो दुरुस्त होतो, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. माझ्या अनुभवात या वाक्याने पोरीचे खांदे खाली येतात.

माझ्या बँडमध्ये क्लॅरिनेटच्या नव्या मुलांचा पहिला तास चिरकण्याचाच असतो. सगळ्यांनी मुद्दाम चिरकवायचं. रीडवर दात दाबा, आता ओठ सैल सोडा, आता अनामिका अर्धी उचला, प्रत्येक वेळी कसा आवाज येतो ते ऐका. दहा मिनिटं वर्गात नुसता कालवा असतो, शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून जातात. पण त्यानंतर तालमीत कोणाचं चिरकलं, तर बाकीची मुलं हसण्याऐवजी "अनामिका!" म्हणून ओरडतात. तुमच्या शाळेतल्या सरांनी हा तास अजूनही घेतला तरी उशीर झालेला नाही. ज्या मुली हसल्या त्यांनाही तो द्यावा. अचानक किंचाळल्यासारखा आवाज आला की मुलं दचकून हसतात, त्यात दर वेळी दुष्टपणा असतोच असं नाही.

आता जोडीबद्दल. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे.

फुंकून वाजवायच्या वाद्यांना दम घ्यावाच लागतो. गाणं संथ असेल, सूर लांब असेल, तर आठवीतल्या मुलाला एका दमात तो पुरत नाही. मग एक भाग दोघांनी वाजवायचा आणि दम आलटून-पालटून घ्यायचा. एकीने दम घेतला तेव्हा दुसरीने सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. राष्ट्रगीताचंच बघा. पूर्ण राष्ट्रगीत वाजवायला सुमारे ५२ सेकंद लागतात. सगळ्यांनी एकाच ठिकाणी दम घेतला तर मधे खिंडारं पडतात आणि ती मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू जातात. म्हणून दोघींना आधी ठरवावं लागतं: तू इथे, मी तिथे.

एका वर्षी माझ्याकडे दुसऱ्या क्लॅरिनेटला, म्हणजे चालीखालचा साथीचा भाग वाजवायला, दोघी होत्या. एक नववीतली, तोंडाने अखंड पट्टा चालवणारी. दुसरी सातवीतली, नाव विचारलं तरी बुटांकडे बघणारी. प्रार्थनेच्या शेवटी सोळा मात्रांचा एक सूर होता, लय अगदी संथ, सेकंदाला एक मात्रा. मी दोघींना एक स्टँड, एक कागद आणि एक पेन्सिल दिली. "दम कुठे घ्यायचा ते तुम्हीच ठरवा, मला मधे भोक ऐकू यायला नको," एवढं सांगून मी ड्रमवाल्यांकडे गेले. लांबून बघत होते. धाकटीने पेन्सिल घेऊन सहाव्या मात्रेवर स्वतःसाठी स्वल्पविरामासारखी खूण केली, अकराव्यावर मोठीसाठी केली. वाजवून पाहिलं तर मोठीचा दम आठव्या मात्रेलाच संपला. धाकटीने काही न बोलता अकरावरची खूण खोडून आठवर आणली, आणि स्वतःची सहावरून बारावर नेली. म्हणजे लांबचा पल्ला तिने स्वतःकडे घेतला. मोठीने कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "बारा? जमेल तुला?" धाकटीने मान हलवली. तिला जमलंही, पहिल्या झटक्यात नाही, पण त्या आठवड्यात जमलं. त्यानंतर तालमीला मोठी आपल्या शेजारची जागा धरून ठेवायला लागली. धाकटी तिच्याशी आपणहून पहिलं वाक्य बोलली ते पुढे कितीतरी दिवसांनी, आणि ते होतं, "ताई, तुझं रीड फुटलंय." तोवर त्यांची गट्टी जमून गेली होती, फक्त कोणी ती बोलून दाखवली नव्हती.

सूर जुळवण्याचं कामही असंच जोडीचं आहे. दोन क्लॅरिनेटनी एकच सूर धरला आणि एक सेकंदाला ४४० कंपनांवर, दुसरं ४४२ वर असलं, तर सेकंदाला दोन वेळा सूर डोलल्यासारखा ऐकू येतो. ज्याचं चढं आहे त्याने माउथपीसखालचा जोड जरासा बाहेर ओढायचा, मग डोलणं मंदावतं आणि थांबतं. हे दोघांनी एकमेकांचं ऐकल्याशिवाय होत नाही. इथे बोलक्या मुलापेक्षा अबोल मूल बहुतेक वेळा उजवं ठरतं, कारण त्याला ऐकायची सवय असते. मी सूर जुळवायला अशाच मुलांना पुढे घेते. "चढं आहे की उतरलंय?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि तो एक शब्द सगळा बँड ऐकतो.

वारीतल्या दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर असतात. पावली खेळताना समोरच्याच्या पायांवर नजर ठेवायची असते, नाव-गाव नंतर कळतं. बँडच्या जोडीतही तसंच होतं. आणि याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विल्टरमथ आणि हीथ या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिघातिघांचे काही गट विद्यापीठाच्या आवारात पावलात पाऊल टाकून चालले, काही नेहमीसारखे चालले. नंतर एकमेकांवर विसंबून खेळायचा एक खेळ दिला, त्यात पावलात पाऊल टाकलेल्यांनी एकमेकांना जास्त साथ दिली. आपल्या शाळेच्या संचलनात मिनिटाला १२० पावलांची चाल असते. "तेज चल" म्हटलं की सगळी पोरं त्या ठेक्यात बांधली जातात, बोलकी काय नि अबोल काय. पुढे २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने इंग्लंडमधल्या प्रौढांच्या शिकवणी वर्गांचा अभ्यास केला. गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गांतल्यांपेक्षा लवकर जवळ आली. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग सारखेच जवळचे झाले होते. यातून मी माझ्यापुरतं एवढंच घेते, की संगीत पहिलं दार लवकर उघडतं. पुढची ओळख मात्र संगीतातही जितका वेळ घ्यायचा तितका घेतेच.

तो वेळ किती, याचाही अंदाज आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात, ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो असं दिसलं, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. तो अभ्यास मोठ्यांचा होता, मुलांना तसाच्या तसा लावू नये. तरी हिशेब करून बघा. आठवड्याला तीन तास तालीम, त्यातला निम्मा वेळ ओळीत गप्प उभं राहण्यात जातो. म्हणजे सत्रभरात शेजारच्या मुलीबरोबरचे खरे तास फारच थोडे. दोन वर्षं बँडमध्ये असूनही मैत्रीण नाही, याचा अर्थ तुमच्या मुलीत काही खोट आहे असा नाही. तिच्या जागेवर ते तास साठलेच नसतील.

तिची ओळीतली जागा म्हणूनच बदलायला हवी. टोकाला उभ्या असलेल्या मुलाला एकाच बाजूला शेजारी असतो. शिवाय संचलनात बँड वळतो तेव्हा बाहेरच्या टोकाला लांब ढांगा टाकाव्या लागतात आणि आतल्या टोकाला जागच्या जागी पाय आपटावे लागतात. चुकलं तर सगळ्यांना दिसतं ते टोकच. लाजाळू मुलं टोक निवडतात कारण तिथून नजर चुकवता येते असं त्यांना वाटतं, पण खरं तर बँडमधली ती अवघड जागा आहे. टोकापासून दुसरी किंवा तिसरी, आणि शेजारी कायमची एकच जोडीदारीण, ही जागा तिच्यासाठी बरी.

आता सरांना सांगायचं का? हो, सांगायचं. पण तिच्यासमोर नाही आणि फाटकात गाठूनही नाही. तालीम नसेल तेव्हा पाच मिनिटं मागून घ्या. "ती कोणाशी बोलत नाही, तिला जरा बोलतं करा" असं म्हणू नका. हे ऐकून भल्या मनाचा शिक्षकही दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणणार, "काय गं, आज तू सांग बघू!" आणि पोरगी चार आठवडे मागे जाणार. तुम्ही मागायच्या त्या गोष्टी साध्या ठेवा. तिला एक ठरलेली जोडीदारीण द्यावी, शक्यतो वर्षभर तीच. दम कुठे घ्यायचा ते दोघींनी मिळून कागदावर मांडावं. आणि बँडमधलं एखादं नेमाचं काम तिच्याकडे द्यावं: स्वरलेखनाचे कागद क्रमाने लावणं, सुट्या रीडांचा डबा सांभाळणं, तालमीआधी स्टँड मांडणं. कामासाठी तिला दहा मिनिटं लवकर यावं लागेल, तेही चांगलंच. वाद्य गार असलं की सूर उतरलेला असतो, फुंकून जरा गरम झालं की चढतो, त्यामुळे लवकर आलेल्या मुलाचं वाद्य तालमीच्या वेळी जागेवर आलेलं असतं. शिवाय रिकाम्या खोलीत एकेक मूल येत जातं तेव्हा एकेकाशी गाठ पडते. भरल्या खोलीत शिरणं अबोल मुलाला जड जातं.

रीडांचा डबा तर मी ठरवून अशाच मुलांना देते. प्रत्येकाला कधी ना कधी रीड लागतंच, आणि ते मागायला तिच्याकडे यावं लागतं. तिने कोणाकडे जायची गरज उरत नाही.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मुलगी छान वाजवते म्हणून तिला पुढे काढून एकटीचा तुकडा देणं. आई-वडिलांनाही तो मोह होतो, शिक्षकांनाही. "एकदा टाळ्या पडल्या की भीड चेपेल" असं सगळे म्हणतात. काही मुलांची चेपते. पण आठवड्यापूर्वी जिच्यावर हसले आहेत तिला एकटीला सगळ्यांपुढे उभं करणं हा जुगार आहे, आणि पणाला तिचं मन लागलेलं असतं. एकटीने वाजवायची वेळ तिच्या मागणीने येऊ द्या. तोवर दुसऱ्या क्लॅरिनेटचा भाग तिच्याकडे असेल तर तो कमीपणाचा मानू नका, घरात कोणाला मानू देऊ नका. चालीच्या खाली तीन सुरांच्या अंतराने चालणारा तो भाग काढून टाकला, तर बँड पोकळ वाजतो. चाल कोणालाही गुणगुणता येते. खालचा भाग सांभाळायला कान पक्का लागतो.

स्पर्धेच्या वर्षी हे सगळं अवघड होतं, हे मी मान्य करते. केंद्राच्या शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांतर्फे राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते; मुला-मुलींचे ब्रास (पितळी वाद्यांचा बँड) आणि पाइप (बॅगपाइपचा बँड) असे चार गट असतात, आणि खालच्या फेऱ्यांपासूनच शाळांत चुरस असते. अशा वेळी शिक्षकाला हुकमी मुलं पुढे हवी असतात आणि गप्प मुलं आपोआप मागे जातात. तुमची शाळा त्यात असेल तर जोडीचा आग्रह स्पर्धेआधीच धरा, ऐनवेळी नको.

घरी काय करायचं ते थोडक्यात सांगते. शाळेतून आल्यावर "आज कोणाशी बोललीस का?" हा प्रश्न बंद करा. "आज काय वाजवलं?", "तो लांब सूर जमला का?" असं विचारा. जोडीदारणीचं नाव तिच्या तोंडून आपोआप येईल, तेव्हा नुसतं ऐकून घ्या. लगेच "मग तिला घरी बोलाव ना!" नको. पाहुण्यांपुढे "ही फार लाजाळू बाई" हे वाक्य तर कायमचं सोडून द्या. मूल तेच वाक्य स्वतःची ओळख म्हणून धरून बसतं. पुढे एखाद्या रविवारी दोघींना एकत्र सराव करायचा असेल तर घर मोकळं ठेवा, पोहे करा, आणि खोलीत सारखं डोकावू नका. दोघीच असाव्यात. चार-पाच मुलींना बोलावलंत तर तुमची लेक स्वतःच्याच घरात पुन्हा टोकाला बसेल.

डबा एकटीने खाण्याबद्दल तुम्ही काळजी केली आहे. काही मुलांना सकाळभराच्या गोंगाटानंतर ती पंधरा-वीस मिनिटं शांतता हवी असते. तिला त्याचा त्रास होतो का, हे तिलाच एकदा सहज विचारा. होत नसेल तर तो विषय तिथेच संपवा. आपल्याला चार मैत्रिणी लागायच्या म्हणून तिलाही चारच लागतील असं नाही. बऱ्याच अबोल मुलांना एक पुरते.

काही खुणा दिसल्या तर मात्र बँडचा विचार बाजूला ठेवा. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. झोप, जेवण कमी झालं आहे. आवडीचं वाजवणंही घरी बंद पडलं आहे. शाळेत महिनोन्‌महिने कोणाशीच, शिक्षकांशीसुद्धा, बोलूच शकत नाही, आणि घरी मात्र भरभरून बोलते. किंवा तेच हसणं रोजचं झालं आहे, नक्कल होते आहे, वाद्य लपवलं जात आहे, नाव पाडलं आहे. यातलं शेवटचं म्हणजे छळ आहे. तो सहन करायला शिकवायचा नसतो; वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापर्यंत न्यायचा आणि थांबवायला लावायचा. बाकीच्या खुणा दिसल्या तर शाळेच्या समुपदेशकांना किंवा बालमानसोपचार तज्ज्ञांना भेटा. जवळ कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तशी शंका येत नाही, कारण ती अजून दार लावून तासभर वाजवते आहे. हे फार चांगलं लक्षण आहे.

राहिला सोडण्याचा प्रश्न. तिच्याशी एक मुदत ठरवा: पंधरा ऑगस्ट होऊ दे, गणपती होऊ देत, सहामाही परीक्षा होऊ दे, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बोलू. तोपर्यंत नवं रीड, तपासलेलं वाद्य, बदललेली जागा आणि एक जोडीदारीण, एवढं तिला मिळालेलं असू दे. ही मुदत खरी असली पाहिजे. दिवाळीत ती "नको" म्हणाली तर "आता सव्वीस जानेवारीपर्यंत थांब" असं म्हणून फिरवू नका, तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. तेव्हाही नको असेल तर सोडू द्या. क्लॅरिनेट आवडतं पण बँड आवडत नाही, असंही असू शकतं. शिकवणीला एकटीने वाजवणारी कितीतरी मुलं सुखी असतात. फक्त सोडताना निरोप तुम्ही देऊ नका. सरांना चिठ्ठी चालेल. जोडीदारणीला मात्र तिने स्वतः सांगायचं, कारण त्या दिवसापासून त्या मुलीला दमाच्या सगळ्या खुणा नव्याने मांडाव्या लागणार आहेत.